स्पीकरवर कारण सांगत नाहीत

मुलांचं हित सर्वोपरी असतं. हे वाक्य माझं नाही. ते कोर्टाच्या आदेशात आहे, आणि वाचताना माणूस आपोआप ताठ बसतो. त्याच्या पुढच्याच परिच्छेदात आमच्या मुलीचा 'ताबा' कुणाकडे कधी राहील ते लिहिलं आहे. ताबा हा शब्द त्याआधी मी एकदाच कागदावर पाहिला होता, सांगलीतल्या फ्लॅटच्या खरेदीखतात. फ्लॅटला मात्र 'दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी' अशी अट नव्हती.

मी सांगलीत, मुलीची आई साताऱ्यात. म्हणून मुलगी शनिवारी दुपारी कराडच्या स्टँडवर माझ्याकडे द्यायची आणि रविवारी संध्याकाळी मी ती तिथेच परत करायची, असं ठरलं. कराड मध्यावर आहे म्हणून. ते मध्यावर नाही, साताऱ्याच्या बाजूला आहे, हे दाखवायला माझ्या वकिलांनी नकाशा आणला होता. नकाशा बघितला गेला आणि कराड कायम राहिलं. मी हरलेल्या मुद्द्यांपैकी हा एकच मुद्दा असा, की जो हरल्याचं मला बरं वाटतं. कारण कंट्रोलर कराडला होते.

त्यांना नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. स्टँडवर गाड्यांची ये-जा लावणारे वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी अख्खी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा हजर झाले. केबिनमध्ये नवा माणूस होता, म्हणून ते सहा नंबरच्या फलाटावरच्या बाकावर बसले. पुढची अनेक वर्षं ते तिथेच बसत होते. खाकी शर्ट धुऊन धुऊन पातळ चहाच्या रंगाचा झालेला, गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी, मांडीवर बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. आवाज लाउडस्पीकरचा. म्हणजे मोठा नव्हे, एकाच पट्टीतला. या माणसाला आनंद झालाय की ताप आलाय, हे आवाजावरून कळायची सोय नव्हती. तब्येत विचारली तर म्हणत, "येळेवर हाय." कुणी वारल्याचं सांगितलं तर म्हणत, "सुटली." इस्लामपूरची गाडी गेली की जेवत आणि ती उशिरा गेली तर उशिरा जेवत. याबद्दल त्यांची तक्रार नसे.

पहिल्याच शनिवारी आम्ही भांडलो ते स्वेटरवरून. आमची मनू तेव्हा सात वर्षांची होती. लाल स्वेटर मी सांगलीत घेतला होता. आम्ही वेगळे झालो तेव्हा तो साताऱ्याला गेला आणि परत आला नाही. ज्यांचं एकच घर आहे त्यांना हे समजणार नाही, पण दोन घरांतल्या मुलांचे कपडे नदीसारखे एकाच दिशेनं वाहतात, आणि प्रत्येक घराला वाटतं की ती दिशा दुसऱ्या घराकडची आहे.

"स्वेटर कुठे आहे?" मी विचारलं.

"थंडी साताऱ्यात असते. सांगलीत स्वेटर घालून ती करणार काय?"

"प्रश्न थंडीचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तुझे सगळेच प्रश्न तत्त्वाचे असतात. म्हणून तर आपण इथे उभे आहोत."

एवढ्यात माझ्या कानापाशी शिट्टी वाजली. खाकी शर्टातला एक म्हातारा आमच्या दोघांच्या मध्ये उभा होता.

"ताई, सातारा गाडी एक नंबरला. सर, सांगली पाच नंबर. मागं घ्या."

"आपण कोण?" मी कॉलेजच्या आवाजात विचारलं. मी इतिहास शिकवतो आणि तो आवाज मला आपोआप येतो.

"कंट्रोलर. दोन गाड्या एका फलाटाला लावत न्हाईत. घासत्यात."

"हे पाहा, ही आमची घरगुती बाब आहे."

"घरगुती असती तर घरात झाली असती. ह्यो फलाट हाय. मागं घ्या म्हणतोय न्हवं?"

आम्ही मागे सरलो. लग्नानंतर आम्ही दोघं एकाच वेळी मागे सरण्याचा तो पहिलाच प्रसंग. मनू मध्ये तिच्या पिशवीवर बसली होती. ते तिच्याशेजारी टेकले.

"तिकीट दाव."

तिनं मुठीतलं तिकीट दाखवलं. "अर्धं आहे," ती म्हणाली.

"तिकीट अर्धं. सीट पुरी मिळती. ध्यानात ठेव."

त्यांची एकूण विचारसरणी एवढीच होती असं मला आता वाटतं.

मनूचं पोट त्या काळात दर दुसऱ्या आणि चौथ्या शुक्रवारी दुखायला लागायचं. गाडीत उलट्या व्हायच्या. साताऱ्याच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही, सांगलीच्या डॉक्टरांनाही सापडलं नाही. यावर आम्ही एकमेकांचे डॉक्टर कसे निरुपयोगी आहेत, याची चर्चा केली. ती हळूहळू यायचं बंद करेल, हे मला दिसत होतं. कोर्ट तिला आणायला भाग पाडू शकलं असतं. आणून काय होतं, ते मला माझ्या लग्नावरून माहीत होतं.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला एक पत्रक दिलं होतं. 'सकारात्मक सहपालकत्व' असं त्याचं शीर्षक. त्यातला प्रत्येक मुद्दा बरोबर होता आणि तो समोरच्याला लागू होता. कंट्रोलरनी असलं काही वाचलेलं नव्हतं. ते म्हणत, "ह्या स्टँडवर दोन मालांची लय ये-जा. हापूस आंबा आन् कोर्टाची पोरं. दोन्ही हाताळून हाताळून नासत्यात."

म्हणून हाताळायचंच नाही, ही त्यांची पहिली अट. मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाणार नाही. साताऱ्याच्या गाडीतून आई उतरेल, मनूला बाकावर बसवेल आणि एक नंबरला जाईल. मग एक चहा होईल एवढा वेळ जाईल. मग मी पाच नंबरहून येईन. त्या मधल्या वेळात मूल बाकाचं असेल, म्हणजे कुणाचंच नसेल. "इंजिन गार व्हाय लागतं," ते सांगत. "तापल्या इंजिनात पाणी वतलं तर काय हुतं?" मी सांगितलं की मला गाडी चालवता येत नाही. "त्ये दिसतंयच," ते म्हणाले.

दुसरी अट बोलण्याची. आम्ही दोघांनी एकमेकांशी स्पीकरसारखं बोलायचं. गाडी कुठून आली, कुठे जाणार, कधी सुटणार. बास.

"बोला," पहिल्या रविवारी त्यांनी मला उभं केलं. मनूची आई चार हातांवर होती. "सांगली गाडीची घोषणा करा."

"मनूला खोकला झाला आहे," मी म्हणालो, "कारण मागच्या आठवड्यात साताऱ्यात तिला—"

शिट्टी.

"कारण न्हाई. स्पीकरवर कारण सांगत्यात का? गाडी का पंक्चर झाली, ड्रायव्हर कुणाशी भांडून आलाय, सांगत्यात का?"

"नाही."

"मग?"

"मनूला खोकला आहे. औषध पिशवीत आहे. जेवणानंतर एक चमचा."

"हां. सुटली."

ऐकायला हे सोपं वाटतं. पण मी इतिहासाचा माणूस. कारणं सांगणं हा माझा पगारी व्यवसाय आहे. कारण काढून घेतल्यावर माझ्या वाक्यात काय उरतं ते मी त्या रविवारी ऐकलं. फार काही उरत नव्हतं, पण मनूची आई ते शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती. त्याआधी ती माझ्या 'कारण'पाशी तोंड फिरवायची.

आणि मग तो बिस्किटांचा डबा.

मनू बाकावर एकटी बसली की ते तिला विचारत, "तोंडात सामान काय हाय का?" पहिल्यांदा तिला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं, की कुणी काही सांगायला सांगितलं असेल तर ते बाहेर काढ. मी पाच नंबरवरून पाहत होतो. मनू त्यांच्या कानाशी वाकून पुटपुटली. त्यांनी खिशातून पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी काढली, बोटाएवढ्या पेन्सिलीनं लिहून घेतलं, चिठ्ठीची घडी घातली, डब्यात टाकली आणि झाकण दाबलं.

"बेवारस सामान जमा," ते म्हणाले. "आता तुझ्याकडं काय न्हाई. हात बघू."

तिनं दोन्ही तळहात उघडून दाखवले.

मी नंतर त्यांना विचारलं, "काय सांगितलं तिनं?"

"पोरगी हाय ती. पोष्टमन न्हाई."

"पण निरोप माझ्यासाठी होता ना?"

"मालकानं सोता येऊन मागितला तर बघू," ते म्हणाले. त्यांना पक्कं ठाऊक होतं की कुणी येत नाही. आपण मुलीच्या तोंडून जे बोललो ते स्वतः येऊन मागायला माणसाला फार धीर लागतो.

एवढं सगळं सुरू असतानाही एका शनिवारी मनू बाकावरून उठली नाही. चहाएवढा वेळ झाला, मी आलो, ती म्हणाली, "मी येत नाही."

"मग आईकडे जातेस का?"

"नाही."

"मग?"

"मी इथंच बसते."

ती रडत नव्हती. तिनं फलाटाची चौकशी करून निर्णय घेतल्यासारखा तो आवाज होता. आदल्या खेपेच्या रविवारी कंट्रोलर चहाला गेल्याचा मोका साधून आम्ही पुन्हा स्वेटरवर आलो होतो आणि तिथून तिच्या आजोळपर्यंत गेलो होतो. ते तिनं ऐकलं होतं. मला त्या बाकापुढे उभं राहून पहिल्यांदा खरी भीती वाटली. सात वर्षांच्या मुलीला दोन घरं होती आणि तिनं दोन्ही सोडून स्टँड पसंत केला होता. त्यात तिची निवड चुकली असं म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता.

मी तिचा हात धरायला गेलो. शिट्टी वाजली.

"गाडी ब्रेकडाउन हाय," कंट्रोलर म्हणाले. "ढकलायची न्हाई. पाच नंबरला थांबा."

मी पाच नंबरला थांबलो. तिची आई साताऱ्याची गाडी सोडून एक नंबरला थांबली. दुपार कलली. सांगलीच्या गाड्या आल्या आणि गेल्या. सहा नंबरवर म्हातारा आणि मनू शेंगा सोलत बसले होते, आणि दर गाडीला तो तिला विचारत होता, ही कुठली? ती पाटी वाचून सांगत होती. फलटण. विटा. कोयनानगर. जवळजवळ तीन तासांनी त्यांनी आम्हाला दोघांना हात केला. दोन गाड्या एकाच फलाटाला त्यांनी त्या एकाच दिवशी लावल्या.

"घोषणा," ते म्हणाले. "दोघांची एकच पायजे."

मी म्हणालो, "मनू आज सांगलीला जाणार. उद्या पाच वाजता इथे परत येणार."

तिची आई म्हणाली, "मनू आज सांगलीला जाणार. उद्या पाच वाजता इथे परत येणार." मग तिनं पिशवीतून लाल स्वेटर काढला आणि मनूच्या मांडीवर ठेवला. "स्वेटर सोबत आहे. तो तिकडे राहिला तरी चालेल."

माझ्या तोंडाशी आलं होतं की मुळात तो माझाच आहे. कंट्रोलरनी शिट्टी ओठांपर्यंत नेली होती. मी गिळलं.

"नको," मी म्हणालो. "थंडी साताऱ्यात असते. उद्या परत येईल."

मनूनं आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. "नक्की पाच?" तिनं आईला विचारलं. "पाच." मला विचारलं. "पाच." दोन्ही खिडक्यांवर एकच वेळ मिळाल्यावर प्रवासी जसा उठतो तशी ती उठली. गाडीत तिला उलटी झाली नाही. शुक्रवारचं पोट दुखणं काही महिने राहिलं, मग कधी थांबलं ते आमच्या लक्षातही आलं नाही.

रविवारी संध्याकाळी साताऱ्याची गाडी गेली की मला सांगलीच्या गाडीला थोडा अवकाश असायचा. तेवढा वेळ मी सहा नंबरच्या बाकावर बसायचो. गाडी गेल्यावर फलाटावर तेलाचा ओला डाग राहतो, त्याकडे दोघं बघत बसायचो. डागावरून कुठली गाडी होती ते त्यांना सांगता यायचं. मला एकाच गाडीचा डाग ओळखू येत होता. नंतर सांगलीला जाताना शेजारची सीट रिकामी असे, आणि कुणी 'कोण हाय का हितं?' विचारलं तर मी नाही म्हणायच्या आधी थोडा थांबत असे.

अशाच एका रविवारी मी चहाच्या गाड्यावरच्या अक्कांना विचारलं, की यांना घरचं कुणी नाही का?

अक्का त्या स्टँडवर कंट्रोलरच्याही आधीपासून होत्या. "तुमास्नी ठावं न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "समद्या कराडाला ठावं हाय. त्येंनीच सांगितलंय की, स्पीकरवरनं."

"काय?"

"बायकू जतकडची. भांडून निघाली म्हायेरला, पोराला घिऊन. सहा नंबरला गाडी लागलेली, तितं बसली. ह्ये ड्युटीवर, केबिनमदी. खाली येऊन दोन शब्द बोलायचं सोडलं आन् हातातला माईक चालू केला. आदी म्हणलं, जत गाडीतल्या आमच्या कुटुंबानं खाली उतरावं. तेवढ्यावर थांबलं असतं तर उतरली बी असती बिचारी. पर मग कारण सांगाय लागलं."

"काय कारण?"

"समदी! तिच्या बापानं काय म्हणलं, तिनं सासूला काय उत्तर केलं, भाकरी कवा करपली, पार लग्नातल्या मानपानापतूर. पाव तास. लोकं आपल्या गाड्या सोडून आयकत हुबी. माझ्या च्याचं पातेलं आटलं, सर."

"आणि त्या?"

"ती काय, पदर तोंडाला लावून बसली. पोरगं खिडकीत हुतं. असं, दोनी कानांवर हात ठिवून. ड्रायव्हरला बघवंना. त्येनं शिट्टीची वाट न बघता गाडी काढली." अक्कांनी गाळणं आपटलं. "हे उलटं आता लोकांस्नी शिकवतंय. म्हणलं, शिकीव. तुझ्याएवढा ह्यातला जाणकार कोण हाय?"

मी बाकाकडे पाहिलं. ते मिटलेला डबा मांडीवर घेऊन बसले होते. सहा नंबर म्हणजे जतची गाडी लागते तो फलाट, हे मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं.

मुलगा सैन्यात हवालदार झाला होता, हे अक्कांनीच सांगितलं. कंट्रोलर त्याच्याबद्दल एकदाच बोलले. "त्येचा रस्ता हिकडनं न्हाई. सुट्टीला आला की दक्षिणंकडनं येतोय, मिरजंला रेल्वेतनं उतारतोय. तितनं सरळ जत. कराड लागतच न्हाई." घरी येऊन मी नकाशा पाहिला. ते खरं होतं. नकाशानं आमच्यापैकी कुणालाच कधी बरं वाटेल असं काही सांगितलं नाही.

पुढे सांगलीत एका मंडळानं 'सुसंवादी पालक, सुखी बालक' असा मेळावा घेतला. सत्कारासाठी कंट्रोलरचं नाव मीच सुचवलं, आणि त्याचा मला आजही थोडा पश्चात्ताप आहे. व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि बालमनाचे पैलू सांगण्यात त्यांनी आणखी तेवढाच वेळ घेतला. विभक्त पालकांना मुलांसह बोलावलं होतं, पण मुलं गोंगाट करतात म्हणून त्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. शाल-श्रीफळ झाल्यावर कंट्रोलरच्या हातात माईक दिला. त्यांनी तो बराच वेळ नुसता धरून ठेवला. आयोजकांना वाटलं भारावले. मला वाटलं, आता ठेवून देतील.

मग तो एकाच पट्टीतला आवाज आला. "सूचना. व्हरांड्यात सोळा पोरं बसल्यात. जमिनीवर. दहा वाजल्यापासनं. खायाला काय दिलेलं न्हाई. सूचना समाप्त."

त्यांनी माईक खाली ठेवला आणि बाहेर गेले. प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना ते प्रास्ताविक वाटलं असावं. आम्ही बाहेर आलो तेव्हा शाल फरशीवर अंथरलेली होती, तिच्यावर मुलं बसली होती, आणि कंट्रोलर पायरीवर श्रीफळ फोडून खोबऱ्याचे तुकडे वाटत होते. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'उपस्थितांना अल्पोपाहार देण्यात आला' असं होतं.

परतीच्या गाडीत बसायच्या आधी ते मला म्हणाले, "सर, तुमचं अक्षार बरं हाय. एक पत्र लिवायचं हाय."

पुढच्या रविवारी बाकावर बसून मी लिहायला घेतलं.

"लिवा. मी कराडला हाय."

"बरं."

"सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. फलाट सहा."

"बरं."

विट्याची गाडी आली, भरली, गेली.

"त्या दिवशी मी—" ते म्हणाले. शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवली नाही.

"पुढे काय लिहू?"

"काय न्हाई. पुढं कारण येतंय. बंद करा."

"निदान 'भेटायला ये' असं तरी?"

"आवं, स्पीकरवर या म्हणत न्हाईत. गाडी कुटं लागलीया तेवढं सांगत्यात. याचं का न्हाई ते पाशिंजराचं."

पत्र मी टाकलं. उत्तर आलं नाही. त्यांनी मला कधी विचारलंही नाही. फक्त दुपारी जतची गाडी लागली की ते डबा बाजूला ठेवून, उतरणारी माणसं शेवटच्या माणसापर्यंत बघत. नंतर डबा पुन्हा मांडीवर घेत.

गेल्या वर्षी एका सकाळी मनूच्या आईचा मेसेज आला. "कंट्रोलर आजोबा गेले. अंत्यविधी अकरा वाजता, कराड. मनूला घेऊन निघाले आहे." एकही शब्द जास्त नव्हता. मी लिहिलं, "निघालो." आमच्यातला तो सर्वांत जिव्हाळ्याचा पत्रव्यवहार म्हणावा लागेल.

घाटावर स्टँडची माणसं होती, अक्का होत्या, आणि मला चेहऱ्यानं ओळखीचे असे काही आईबाप, एकमेकांपासून बेतानं अंतर ठेवून उभे. अग्नी दिला तो ताठ कण्याच्या, बारीक केस कापलेल्या एका माणसानं. त्याला कुणी ओळखलं नाही, अक्कांशिवाय.

नंतर अक्कांनी तो डबा माझ्या हातात दिला. "तुमी शिकल्यालं हाय, तुमीच बघा ह्येचं काय करायचं ते." आत चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते, रबर लावलेले, वर मुलांची नावं. मी फक्त मनूचा उघडला. 'बाबा म्हणत्यात आईला सांग मला काय फरक पडत न्हाई.' 'आई म्हणती बाबाला विचार तुमाला तरी माज्यापेक्षा पुस्तकं आवडत्यात का.' 'बाबा म्हणत्यात सांगू नको पर आजीमुळं झालं.' सात वर्षांची मुलगी हे पोटात घेऊन गाडीत बसत होती, आणि डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. पुढच्या चिठ्ठ्या लहान होत गेल्या होत्या. शेवटच्या पाच-सहांवर एकच ओळ होती. 'सामान न्हाई.' त्याचीही त्यांनी दर वेळी घडी घालून ठेवली होती.

बाकीचे गठ्ठे मी उघडले नाहीत. डबा माझ्याकडे आहे. अजून कुणी मागायला आलेलं नाही.

कंट्रोलरचा मुलगा स्टँडवर सहा नंबरच्या बाकावर बसला होता. मी शेजारी बसलो.

"तुमी कोण त्यांचं?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला आलेलं पत्र मी लिहून दिलं होतं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "मिळालं. आलो हुतो मी."

"कधी?"

"त्याच सुट्टीत. त्या च्याच्या गाड्याच्या पलीकडं हुबा राह्यलो. ह्ये हितंच बसले हुते. एक पोरगी कानात काय तरी सांगत हुती आन् ह्ये लिवून घेत हुते. म्हणलं, ड्युटीवर हाईत."

मी 'मग?' असं विचारणार होतो. मग 'का?' विचारणार होतो. त्याच्या दोन्ही हातांची बोटं गुडघ्यांवर घट्ट होती.

"जतची गाडी तीन वाजता आहे," मी म्हणालो. "याच फलाटाला."

"व्हय," तो म्हणाला. "ठावं हाय."

आम्ही तीन वाजेपर्यंत बसलो. गाडी आली. तो खिडकीत बसला. गाडी गेल्यावर डाग राहिला.

मनू आता पंधरा वर्षांची आहे. तिची तिकिटं ती स्वतः काढते आणि कुठल्या शनिवारी कुठे जायचं ते आम्हा दोघांना एकाच मेसेजमध्ये कळवते. कोर्टाचा आदेश अजून लागू आहे आणि त्यानुसार तिचा ताबा दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कराड स्टँडवर द्यायचा आहे. प्रत्यक्षात ती सातारा-सांगली विनाथांबा गाडीनं येते. ती गाडी कराडला थांबत नाही.